जुन्या वेबकॅमचा सूक्ष्मदर्शक: लेन्सला अर्धा तास, स्टँडला दोन रविवार

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कळव्याच्या शाळेत तुम्ही आठवीला विज्ञान शिकवता. वर्गात पंचेचाळीस मुलं आणि प्रयोगशाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एक. कांद्याचा पापुद्रा पाहायला प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात मुलाला पेशी दिसली की स्वतःची पापणी, हे तुम्हाला कळत नाही. संगणक कक्षातून बाद झालेले तीन वेबकॅम तुमच्या हाती आलेत. त्यांचा सूक्ष्मदर्शक करून चित्र प्रोजेक्टरवर टाकता येईल का, त्यातून किती बारीक दिसेल, आणि त्यापेक्षा दुकानात पाहिलेला ‘हजार पट मोठं दाखवणारा’ यूएसबी सूक्ष्मदर्शकच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. केसासारखी बारीक चीर आणि ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा सांधा, शोधणं हे रोजचंच काम. त्यासाठी आजवर दहा-बारा वेबकॅम उघडून त्यांचे सूक्ष्मदर्शक केले, त्यातले दोन अजून टेबलावर चालू आहेत. तेव्हा पहिलं उत्तर: होईल, आणि वर्गासाठी फार चांगलं होईल. कांद्याच्या पेशी, परागकण, डबक्यातले जीव, मिठाचे स्फटिक हे सगळं पंचेचाळीस जणांना एकदम दिसेल. जिवाणू दिसणार नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी, ज्या ७-८ मायक्रॉनच्या असतात, त्या नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतील. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि या लेखात तोच आपला गज आहे.

आता कॅमेरा. तीनपैकी ज्याच्या लेन्सभोवतीची कडी हाताने फिरवून फोकस करता येतो, तो उचला. तशा कॅमेऱ्यात लेन्स आट्यांवर बसवलेली असते आणि फिरवत फिरवत पूर्ण बाहेर निघते. ऑटोफोकसवाल्यात लेन्स बारीक तारेच्या गुंडाळीवर तरंगत असते, ती काढायच्या भानगडीत पडू नका. जुन्या लॅपटॉपच्या झाकणातला कॅमेराही टाळा, त्याची लेन्स बहुधा चिकटवलेलीच असते. निवडलेला कॅमेरा उघडण्याआधी संगणकाला जोडून चित्र येतं का ते पाहा. ड्रायव्हर न टाकता लगेच चालू झाला तर उत्तम, कारण खूप जुन्या कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर आता नव्या संगणकावर चालत नाहीत आणि मग सगळी मेहनत फुकट जाते.

उघडायला एक-दोन छोटे स्क्रू असतात, कधी स्टिकरखाली लपलेले. लेन्स काढताना अडली तर जोर लावू नका. कारखान्यात फोकस लावून झाल्यावर आट्यांवर गोंदाचा एक थेंब टाकतात. ब्लेडच्या टोकाने तो खरवडला की लेन्स मोकळी होते. लेन्स निघाली की खाली सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, उघडा पडतो, आणि त्या क्षणापासून धूळ तुमची शत्रू. बोटाने पुसू नका आणि तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीचा बारीक कण काचेवर बसला की प्रत्येक चित्रात तो डाग दिसेल. कानात औषध घालायचा रबरी फुगा कोरडा करून त्याने हवा मारा. सेन्सरच्या वर किंवा लेन्सच्या मागच्या तोंडाशी एक छोटी काच असते, तिरपी धरली की निळसर-गुलाबी झाक मारते. ती अवरक्त किरण अडवते. ती काढली तर हिरवं पान जांभळट दिसायला लागतं, म्हणून तिला तिथेच राहू द्या. लेन्स ज्या आट्यांच्या नळीत बसली होती तीही सेन्सरवर तशीच ठेवा, पुढे तिच्यावरच आपली नळी चढवायची आहे. आणि कॅमेरा चालू असल्याचा दिवा बोर्डवर असेल तर त्यावर काळी टेप लावा, नाहीतर त्याचा उजेड आतून चित्रात शिरतो.

आता लेन्स उलटी करायची. वेबकॅमची लेन्स घडवलेली असते ती लांबच्या वस्तूची छोटी प्रतिमा जवळच्या सेन्सरवर पाडण्यासाठी. आपल्याला नेमकं उलट हवंय: वस्तू लेन्सला खेटून आणि मोठी प्रतिमा लांब. म्हणून लेन्सची जी बाजू आधी सेन्सरकडे होती ती वस्तूकडे करायची. सुलटी ठेवून नुसती लांब नेली तरी चित्र मोठं होतं, पण कडा धुरकट होतात. मी दोन्ही करून पाहिलंय, फरक पहिल्याच नजरेत कळतो.

काळा चार्टपेपर लेन्सभोवती चार-पाच वेढे घट्ट गुंडाळून नळी करा. एका टोकाला उलटी लेन्स, दुसरं टोक सेन्सरवरच्या नळीवर. चार्टपेपर चकचकीत नको, आतून चमकला की चित्रावर पांढरा पडदा येतो. नळी किती लांब? इथे थोडं गणित करू, तुमच्या मुलांनाही ते जमेल. विशालन म्हणजे सेन्सरपासून लेन्सचं अंतर भागिले लेन्सचं नाभीय अंतर, वजा एक. साध्या वेबकॅमचं नाभीय अंतर ४-५ मिलिमीटर असतं, आपण ४.८ धरू. अंतर २० मिलिमीटर ठेवलं तर विशालन साधारण ३.२ पट येतं. हे वाचून तुम्ही निराश व्हाल, कारण शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर शंभर, चारशे असे आकडे असतात. पण हे ३.२ पट सेन्सरवरचं आहे. सेन्सर ३.६ मिलिमीटर रुंद असेल तर त्यावर १.१ मिलिमीटरचा पट्टा मावतो. तोच पट्टा ५० सेंटिमीटर रुंद पडद्यावर पसरला की साडेचारशे पट होतो. आणि तुमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरने दोन मीटर रुंद चित्र पाडलं तर अठराशे पट!

म्हणजे माझ्या टेबलावरचा फुकटातला वेबकॅम अठराशे पट ‘दाखवतो’. तुम्ही विचारलेल्या हजार पटीचं उत्तर यातच आहे. पडदा मोठा केला की पट वाढते, तपशील मात्र तेवढाच राहतो. दहा वर्षांपूर्वी मीही असा एक हजार पट लिहिलेला यूएसबी सूक्ष्मदर्शक दुकानासाठी घेतला होता. बोर्डवरच्या चिपचे पाय मोठे दिसले, पण दोन पायांमधला सोल्डरचा तंतू, ज्याच्यासाठी तो घेतला होता, तो दिसेना. कागदावरचं अक्षर झेरॉक्सवर मोठं मोठं करत गेलं की अक्षर वाढतं, पण शाईच्या डागाशेजारचा पुसट काना काही उमटत नाही. तसंच हे. म्हणून खरेदी करताना पट विचारू नका. सर्वांत जवळचे कोणते दोन ठिपके हा वेगळे दाखवू शकतो, हे विचारा. यालाच विभेदन म्हणतात.

आपल्या वेबकॅमचं विभेदन किती? साध्या जुन्या वेबकॅमच्या चित्राच्या रुंदीत ६४० बिंदू, म्हणजे पिक्सेल, धरू. ते १.१ मिलिमीटरवर पसरलेत, म्हणजे एक बिंदू सुमारे १.७ मायक्रॉनचा. दोन ठिपके वेगळे दिसायला निदान दोन बिंदू लागतात, तिथे साडेतीन मायक्रॉन झाले. शिवाय प्रकाश स्वतःच लहरींचा असल्याने प्रत्येक लेन्सला एक तळ असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर असल्या लेन्सचा तळ दोन-अडीच मायक्रॉनच्या आसपास येतो. त्यातून लेन्स स्वस्तातली, आणि रंग ओळखण्यासाठी सेन्सरचे बिंदू लाल-हिरवे-निळे असे वाटून घेतलेले, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच मायक्रॉन हाती लागतात. नळी २५ मिलिमीटरच्या पुढे वाढवून काही मिळत नाही, चित्र फक्त मोठं, अंधारं आणि मऊ होत जातं. आणखी बारीक हवं असेल तर नळी वाढवण्यापेक्षा बारीक बिंदूंचा सेन्सर शोधावा. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या पहिल्या ५ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात बिंदू १.४ मायक्रॉनचे आहेत. त्यावर विशालन फक्त एक पट ठेवलं तरी आपल्या वेबकॅमइतकाच तपशील मिळतो, आणि पट्टा ३.६ मिलिमीटरचा दिसतो, तिप्पट रुंद. पण ते पुढच्या वर्षी. या वर्षी हातातल्या वेबकॅमचंच सोनं करा.

ते होतं स्टँडवर. मला तुम्हाला कळकळीने एकच गोष्ट सांगायची आहे ती ही. लेन्सला अर्धा तास पुरतो, स्टँडला दोन रविवार द्या. मुलं विज्ञान प्रदर्शनात असे कॅमेरे घेऊन येतात तेव्हा लेन्स छान उलटी केलेली असते आणि कॅमेरा लवचीक दांड्यावर डुलत असतो. बाक कुणी हलवला, पंखा फिरला की चित्र गायब. मग ‘घरगुती सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नाही’ असा शिक्का बसतो. दिसतं सगळं, पण फोकसच्या ज्या पातळ थरात ते दिसतं त्याची जाडी जेमतेम ०.०३ मिलिमीटर असते. नमुना तेवढ्या अंतरात आणून तिथे थांबवणं, हेच सगळं काम.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७०च्या दशकात ज्या उपकरणातून पाण्यातले सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहिले, त्यात लेन्स एकच होती, मसुरीच्या दाण्याहूनही लहान. पण पितळी पट्टीच्या मागे नमुना वर-खाली आणि पुढे-मागे सरकवायला त्याने पेच बसवले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला कळलं होतं की भिंगाइतकाच पेच महत्त्वाचा.

माझा स्टँड असा आहे. अठरा एमएम प्लायचा साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा तळ. त्याच्या मागच्या कडेला लाकडाचा जाड उभा ठोकळा, खालून दोन स्क्रूंनी आवळलेला. ठोकळ्यावरून पुढे येणारा लोखंडी एल-अँगल, आणि त्याला कॅमेऱ्याचा बोर्ड तोंड खाली करून पक्का बसवलेला. फोकस करताना कॅमेरा हलवायचाच नाही, हलेल ती काचपट्टीची फळी.

फळी म्हणजे २५ सेंटिमीटर लांब अॅक्रिलिक किंवा पातळ प्लाय, तीन पायांवर उभी. पाय म्हणजे सहा एमएमचे लांब बोल्ट, फळीत बसवलेल्या नटांतून खाली उतरणारे. दोन मागच्या कडेला, एक पुढे मध्यभागी. मागचे दोन एकदा उंची जमवून चेकनटने आवळून टाकायचे. पुढचा बोल्ट फिरवायचा. सहा एमएमच्या साध्या बोल्टला एका फेऱ्यात एक मिलिमीटर चाल असते. एक मिलिमीटर म्हणजे आपल्या थराच्या तीसपट, फार भरभर. म्हणून काचपट्टीचं भोक फळीच्या मध्यावर न पाडता मागच्या पायांपासून ५ सेंटिमीटरवर पाडा आणि पुढचा पाय मागच्यांपासून २० सेंटिमीटरवर ठेवा. पुढचं टोक एक मिलिमीटर उचललं की भोकाजवळ फक्त पाव मिलिमीटर उचललं जातं. तरफेचा धडा तुम्ही शिकवताच, इथे तो हाताला लागतो. बोल्टच्या डोक्यावर लोणच्याच्या बरणीचं पाच सेंटिमीटरचं झाकण एपॉक्सीने चिकटवा. झाकणाची कड एक सेंटिमीटर फिरवली तर नमुना ०.०१६ मिलिमीटर सरकतो, थराच्या निम्मा. पोरांच्या बोटांनाही हे सहज जमतं.

नटात बोल्ट थोडा खुळखुळतो. फळी आणि तळ यांच्यामध्ये दोन जाड रबरबँड ताणून लावा, म्हणजे आटे कायम एकाच बाजूला दाबलेले राहतील आणि झाकण उलटं फिरवताना मधेच ‘मोकळी चाल’ लागणार नाही. बोल्टची टोकं कानशीने गोल करा, आणि तळावर ती जिथे टेकतात तिथे एकेक जुनं नाणं चिकटवा, प्लायमध्ये खड्डे पडत नाहीत. तळाखाली जुन्या चपलेच्या रबराचे चार तुकडे लावा. माझ्या दुकानाबाहेरून टेम्पो जातात तेव्हा आधी चित्र थरथरायचं, रबर लावल्यापासून बऱ्यापैकी थांबलं. वर्गात मात्र पाहताना वरचा पंखा बंद करा. नट, बोल्ट, अँगल हे सगळं जांभळी नाक्याजवळच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. बोल्ट घेताना नट हाताने पूर्ण खालपर्यंत फिरवून पाहा, अडखळणारा घेऊ नका.

दुसरा रविवार उजेडाला. नळी लांब केली की सेन्सरवर पडणारा प्रकाश झपाट्याने कमी होतो. ३.२ पट विशालनाला तो सुमारे सतरा पट घटतो. मग कॅमेरा अंधारात काढलेल्या फोटोसारखं दाणेदार चित्र देतो आणि आपण लेन्सला दोष देतो. एक पांढरा एलईडी काचपट्टीखाली तीन-चार सेंटिमीटरवर लावा. मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्ट चार्जरवर तो चालतो, मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर हवाच. एलईडी तीन व्होल्टच्या आसपास घेतो, उरलेले दोन रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह १३ मिलिअँपिअरच्या जवळपास राहतो. घरातला २३० व्होल्टचा एलईडी बल्ब नको, त्यातले बरेचसे विजेबरोबर लुकलुकतात आणि पडद्यावर पट्टे सरकतात. एलईडीच्या उघड्या ठिपक्याने सावल्या कडक पडतात, म्हणून त्यावर पांढऱ्या दुधाच्या पिशवीचा न छापलेला तुकडा ताणून लावा. ट्रेसिंग पेपरपेक्षा मला तो आवडतो, कारण त्याला धागे नसतात आणि पाणी सांडलं तरी खराब होत नाही.

उजेड कुठून येतो यावर काय दिसेल ते ठरतं, हे मुलांना जरूर करून दाखवा. पारदर्शक पाण्यातले जीव खालच्या सरळ उजेडात जवळजवळ अदृश्य असतात. आता एलईडीच्या बरोबर वर, दुधाच्या पिशवीच्या तुकड्यावर, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान काळ्या कागदाची चकती ठेवा. सरळ येणारा उजेड अडतो, फक्त कडेने तिरपा येतो. मागचं सगळं काळं होतं आणि तेच जीव चांदण्यांसारखे उजळतात. चकतीचा आकार थोडा लहान-मोठा करून पाहावा लागेल. नाणं, पानाची पाठ, छापील कागद यांच्यासाठी उजेड वरून, एका बाजूने, जमिनीला जवळजवळ समांतर. एकाच बाजूने टाकला तरच उंचसखलपणा दिसतो.

संगणकावरचं काम थोडं आहे. कॅमेऱ्याचा कुठलाही साधा प्रोग्रॅम चालेल. त्यात आपोआप उजेड ठरवणं आणि आपोआप रंग ठरवणं बंद करा आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ ठेवा. एवढं पुरे.

मापन मात्र सोडू नका. नळीवर २० मिमी लिहिलं म्हणून विशालन ३.२ पट झालं, असं समजू नका. काचपट्टीच्या जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी ठेवा, वरून उजेड टाका, फोटो काढा आणि खुणेच्या मध्यापासून पुढच्या खुणेच्या मध्यापर्यंत किती बिंदू ते मोजा. समजा २९० आले, तर ५०० भागिले २९०, म्हणजे एक बिंदू १.७२ मायक्रॉनचा. पट्टी बारीक नसेल तर बंद पडत आलेला मोबाइल ठेवा. त्याच्या माहितीपत्रकात पडद्याची घनता दिलेली असते. ३२६ बिंदू प्रति इंच असेल तर २५.४ ला ३२६ ने भागा, दोन ओळींमधलं अंतर ०.०७८ मिलिमीटर, म्हणजे ७८ मायक्रॉन. इमेज-जे नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात हा आकडा एकदा भरला की पुढच्या प्रत्येक फोटोत रेघ ओढून लांबी मिळते. मग ‘पेशी दिसली’ यावर न थांबता मुलं ‘पेशी ३१० मायक्रॉन लांब’ असं वहीत लिहितील. पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या केसाची जाडी मोजायला लावा. ५० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान येईल, आणि शेजाऱ्याची वेगळी येईल. त्या एका तासात वर्ग तुमच्या बाजूने होतो.

विभेदन तपासायचं असेल तर जुनी सीडी घ्या. तिच्यावरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं. आपल्या सूक्ष्मदर्शकात त्या ओळी दिसणार नाहीत, आणि दिसत नाहीत हे मुलांनी डोळ्यांनी पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या साधनाची हद्द कुठे संपते हे ज्याला ठाऊक असतं, तो धुळीच्या कणाला जिवाणू म्हणत नाही.

काय पाहायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी कळव्यात राहून जे सहज मिळतं त्याबद्दल लिहितो. कांद्याचा पापुद्रा आयोडीनच्या थेंबात ठेवला की केंद्रक पिवळसर-तपकिरी होऊन उठून दिसतं. जास्वंदीचा परागकण शंभर मायक्रॉनपेक्षा मोठा, गोल आणि काटेरी असतो, काळ्या पार्श्वभूमीवर तो सुंदर दिसतो. खाडीकाठी गळून पडलेलं तिवराचं पान उचला, झाडाला हात लावू नका. तिवर मुळांवाटे आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पानावर बाजूने उजेड टाकलात की मिठाचे चौकोनी स्फटिक चमकतात. घरच्या मिठाशी ताडून पाहा. खाडीच्या ओल्या चिखलाची वरची तपकिरी साय काचपट्टीवर पाण्यात पसरली तर डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं दिसतील, होडीसारखी, सुईसारखी, काही हळूहळू सरकणारी. दर हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला जे लहान रोहित पक्षी मुलं लांबून पाहतात, ते अशाच सूक्ष्म शेवाळांवर जगतात, हे त्या वेळी सांगा. तलावपाळीच्या पायरीवरचं हिरवं शेवाळ चिमूटभर पिळलं की त्या एका थेंबात तासभर पाहण्याजोगं असतं.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या हव्यातच. त्यांच्यासाठी १० मिलिमीटरची दुसरी, आखूड नळी करून ठेवा, तिच्यात सव्वातीन मिलिमीटरचा पट्टा मावतो. अळीच्या पाठीतून धडधडणारी नळी, म्हणजे तिचं हृदय, जिवंत दिसतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अळीला शेपटाकडे आखूड जाड श्वासनळी असते, मलेरियाच्या अॅनाफिलिसला ती नसतेच आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हे पाहिलेलं मूल घरी जाऊन कूलर आणि कुंडीखालची थाळी स्वतः रिकामी करतं. पाहून झाल्यावर ते पाणी कोरड्या जमिनीवर ओता, गटारात नको.

पाण्यावरून माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी कॅमेरा खाली आणि काचपट्टी वर अशी उलटी रचना केली होती, नमुना ठेवायला सोपी पडते म्हणून. एके दिवशी काचपट्टीवरचा थेंब कडेने ओघळला, नळीतून थेट सेन्सरवर गेला आणि चालू कॅमेरा कायमचा गेला. म्हणून तुमच्यासाठी कॅमेरा वर सांगितला. तरीही उलट्या लेन्सपासून नमुना फक्त काही मिलिमीटरवर असतो. फळी वर नेताना पाणी लेन्सला लागतं, म्हणून थेंबावर कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवाच, आणि फोकस नेहमी जवळून लांब जात शोधा: आधी बाजूने बघून फळी लेन्सला जवळजवळ टेकवा, मग पडद्याकडे बघत ती खाली आणा. लेन्सला पाणी लागलंच तर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या मऊ कापडाने हलकेच टिपा.

पावसाळ्यात साचलेलं पाणी गोळा करताना मुलांच्या हातात मोजे हवेत, पायाला जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. ठाण्यात लेप्टोचे रुग्ण दर पावसाळ्यात निघतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पापुद्रा कापायचं ब्लेड तुमच्याच हातात असू द्या. आणि इंटरनेटवर पाहून कुणी मुलगा जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधलं भिंग काढायला निघाला, तर भिंग खुशाल काढू दे, पण त्यातल्या लेसरला वीज द्यायची नाही. तो डोळा कायमचा अधू करू शकतो.

दुकानातल्या यूएसबी सूक्ष्मदर्शकाबद्दल राहिलं. शाळेकडे पैसे असतील आणि तुमच्याकडे वेळ अजिबात नसेल तर घ्या, वाईट नसतात. पण त्याच्याबरोबर येणारा छोटा स्टँड बाजूला ठेवून तो वर सांगितलेल्या फळीवरच बसवा. आणि खिशात मावणारं, प्रत्येक मुलाच्या हातात देता येईल असं काही हवं असेल तर फोल्डस्कोप बघा. मूळ मेरठचे आणि आता स्टॅनफर्डला असलेले मनू प्रकाश यांच्या चमूने २०१४ मध्ये तो कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक जगासमोर मांडला. १४० पट विशालन आणि दोन मायक्रॉनच्या आसपास विभेदन, म्हणजे बारकाव्यात तो आपल्या वेबकॅमच्या पुढे आहे. पण त्याला एका वेळी एकच डोळा लागतो. तुमची अडचण पंचेचाळीस डोळ्यांची आहे, म्हणून माझं मत वेबकॅमकडे झुकतं.

उरलेले दोन कॅमेरे टाकू नका. एकाची आखूड नळी कायमची जोडून ठेवा, म्हणजे वर्ग चालू असताना नळ्या बदलाव्या लागणार नाहीत. दुसरा सुट्या भागांसाठी. तिन्ही एका घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि एकदा काचेत रुतली की निघत नाही. पुड्या महिन्यातून एकदा मंद तव्यावर कोरड्या करून घ्या, कागदी पुडी असेल तर दाणे वाटीत काढून.

स्टँडची फळी कापण्याआधी तुमच्या काचपट्टीची आणि निवडलेल्या कॅमेऱ्याच्या बोर्डची लांबी-रुंदी मला कळवा. भोक नेमकं कुठे पाडायचं त्याचं माप मी काढून देतो.